रात्रीची खानेसुमारी आणि दिवसाचे शहर

शहर केवढे मोठे, असे कोणी विचारले म्हणजे आपण खानेसुमारीतला आकडा सांगून मोकळे होतो. २०११ च्या गणनेत कलबुर्गी शहरात सुमारे ५ लाख ३३ हजार आणि बिदर शहरात सुमारे २ लाख १६ हजार माणसे नोंदली गेली. तेव्हा कलबुर्गी बिदरच्या जवळजवळ अडीचपट आहे, हा निष्कर्ष काढायला फार मोठे गणित लागत नाही. परंतु ज्या क्षणाला प्रमाण मानून ही गणना झाली, तो १ मार्चच्या प्रारंभीचा, म्हणजे मध्यरात्रीचा क्षण होता. आणि मध्यरात्री कोणत्याही गंजात, म्हणजे धान्याच्या पेठेत, सौदा होत नाही, कोणत्याही कचेरीत अर्ज घेतला जात नाही, कोणत्याही न्यायालयात पुकारा होत नाही. पहाटेच्या गाडीने शहरात यायचे, दिवसभर त्या शहराचे रस्ते, पाणी आणि सावली वापरायची, त्याच्या पेठेत माल विकून तेथेच चार पैसे खर्चायचे आणि दिवेलागणीला गावाकडे परतायचे, असा ज्यांचा क्रम आहे, त्या सहस्रावधी स्त्रीपुरुषांना शहराच्या आकड्यात स्थान नाही. शहराची ही दुसरी, दिवसाची लोकसंख्या विचारात घेतली म्हणजे शेजारशेजारच्या शहरांचे परस्परसंबंध जितके स्पष्ट होतात, तितके ते निवासी आकड्यांवरून कधीच होत नाहीत. आणि जेथे कर्नाटक, महाराष्ट्र व तेलंगण या तीन राज्यांच्या सीमा थोड्याशा टापूत एकमेकींना भिडतात, त्या बिदर-कलबुर्गीच्या सरहद्दीवर तर या तुलनेवाचून कोणत्याच शहराचे खरे आकारमान कळण्याजोगे नाही.

दिवसाच्या लोकसंख्येत तीन निरनिराळे प्रवाह मिसळलेले असतात. पहिला नित्य ये-जा करणाऱ्यांचा: शिक्षक, कारकून, कारखान्यातले कामगार, बांधकामावरचे बिगारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी हे सारे त्यात येतात, आणि त्यांची वेळ व वाट दोन्ही ठरलेली असतात. दुसरा प्रवाह बाजारकऱ्यांचा. तो वारावर आणि हंगामावर अवलंबून असल्यामुळे कधी ओढ्याएवढा, तर कधी महापुरासारखा असतो. तिसरा अडल्या कामाने येणाऱ्यांचा. घरातला रोगी, कोर्टातली तारीख किंवा जमिनीच्या दप्तरातली एखादी नोंद त्यांना शहरात ओढून आणते. यांपैकी पहिल्या प्रवाहाची थोडीबहुत मोजदाद सरकार करते. घरापासून कामाचे ठिकाण किती दूर आहे आणि तेथे कोणत्या वाहनाने जाता, हा प्रश्न २०११ च्या गणनेत विचारला गेला होता. पण शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामकरी यांना त्यातून वगळले होते. म्हणजे तुरीचे कट्टे टेम्पोत घालून गंजात येणारा शेतकरी, भाजीची पाटी घेऊन चौकात बसणारी त्याची बायको आणि रुग्णालयाच्या ओसरीवर बसून राहणारे त्याचे म्हातारे वडील, या तिघांपैकी कोणाचाच प्रवास त्या कोष्टकात येत नाही. जपानसारख्या देशात मात्र दिवसाची लोकसंख्या खानेसुमारीचाच भाग म्हणून प्रसिद्ध होते. टोकियोतल्या चियोदा या विभागात २०१५ साली रात्री साठ हजारांच्या आत माणसे होती आणि दिवसा साडेआठ लाख, हे तेथील शासनाला अधिकृतपणे ठाऊक असते आणि त्याप्रमाणे त्याला तजवीज करता येते.

ज्या मुलखाचा आपण विचार करीत आहोत, त्याचा इतिहास राजधान्यांच्या आणि सीमांच्या स्थलांतराचा आहे. बहमनी सत्तेचे तख्त १३४७ पासून गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस होते. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने ते बिदरला हलविले, आणि तेव्हापासून या दोन नगरांमध्ये प्रतिष्ठेची एक अबोल स्पर्धा चालत आलेली आहे. पुढे निजामाच्या अमदानीत १९०५ साली सुभ्यांची फेररचना झाली, तेव्हा गुलबर्गा, रायचूर, उस्मानाबाद आणि बिदर हे चार जिल्हे गुलबर्गा सुभ्यात घालण्यात आले. त्यामुळे आज ज्यांना आपण निःशंकपणे मराठवाड्यातले म्हणतो, त्या लातूर-निलंगा भागातील रयतेलाही सुभ्याच्या कामासाठी गुलबर्ग्याची वाट धरावी लागे. याउलट, लोहमार्गाने गुलबर्ग्याशी थेट जोडलेले सोलापूर इंग्रजी अंमलात असल्याने या दोन शहरांमध्ये करोडगिरीचा नाका आडवा येई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे चित्र पुरते उलटे झाले. जुन्या बिदर जिल्ह्याची त्रिभाषिक घडी मोडून उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद व नारायणखेडचा भाग आंध्रात गेला, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद व औराद म्हैसूर राज्यात राहिले. जेथे पूर्वी जकातीचा अडसर होता तेथे माल आधीच मोकळेपणाने जाऊ लागला होता, आणि जेथे पूर्वी एकच जिल्हा होता तेथे राज्याची सीमा आली. सोयरिकी, देवस्थाने आणि आडत्यांच्या चोपड्या मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना पूर्वीसारख्याच पसरलेल्या राहिल्या. आणि या चोपड्यांच्या अनुरोधानेच इथल्या बाजारांची माणसे आजही हिंडतात.

एखाद्या गावाने कोणत्या शहराच्या बाजारात जावे, हे ठरविणारे काही गणित आहे काय? विल्यम रायली नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३१ साली असे गणित मांडले. दोन शहरांमधल्या गावाला प्रत्येक शहर आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणात ओढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ही ओढ उणावते, असे त्याचे सूत्र आहे. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाचा नियम त्याने पेठेला लावला, एवढाच त्याचा अर्थ. त्या सूत्रावरून दोन शहरांच्या बाजारक्षेत्रांची विभाजनरेषा काढता येते. बिदर आणि कलबुर्गी यांच्यामध्ये रस्त्याने सुमारे ११५ किलोमीटर अंतर धरले, तर ही रेषा बिदरपासून साधारण ४५ आणि कलबुर्गीपासून ७० किलोमीटरांवर पडते. हुमनाबाद बिदरपासून पन्नासेक किलोमीटरांवर आहे. म्हणजे जिल्ह्याच्या नकाशावर बिदरचे असलेले हे तालुक्याचे गाव बाजाराच्या हिशेबाने कलबुर्गीच्या वाट्याला जाते. पश्चिमेला २०११ च्या साडेनऊ लाख वस्तीचे सोलापूर आणि कलबुर्गी यांची रेषा कलबुर्गीपासून ४७ किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीतल्या दुधनी स्थानकाजवळ येते. पूर्वेला मात्र बिदरची स्थिती बिकट आहे. हैदराबादसारखे सदुसष्ट-अडुसष्ट लाखांचे महानगर अवघ्या १४० किलोमीटरांवर असल्यामुळे सूत्राप्रमाणे बिदरचे क्षेत्र त्या दिशेने वीस-बावीस किलोमीटरांतच संपते. पूर्वी बिदर जिल्ह्यात असलेले जहीराबादही त्यातून निसटते.

हे आकडे स्थूल आहेत, आणि माणूस केवळ सूत्राने चालत नाही. तथापि या दोन शहरांच्या दिवसाच्या गर्दीत जो गुणभेद दिसतो, त्याचे बीज या हिशेबात सापडते. कलबुर्गीची गर्दी दूरवरून आलेली असते आणि तिच्यात तिन्ही प्रवाह भरपूर असतात. १८७१ मध्ये मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूरपर्यंत जोडला गेला तेव्हापासून हे शहर त्या हमरस्त्यावर आहे, आणि तीन वर्षांनी वाडी येथून निजामाची रेल्वे हैदराबादकडे निघाल्यावर त्याचे महत्त्व आणखी वाढले. शहाबादच्या फरशीचा आणि वाडीच्या सिमेंटचा टापू याच लोहमार्गावर असल्यामुळे कामगारांची व विद्यार्थ्यांची ये-जा रेल्वेने होऊ शकते. नेहरू गंज ही तुरीची मोठी पेठ आहे; गुलबर्ग्याच्या तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि डाळगिरण्यांनी त्या पेठेला बारमाही काम दिले. विभागीय आयुक्तांची कचेरी येथे, सरहद्दीच्या पट्ट्यात एसटीइतक्याच परिचित असलेल्या कर्नाटकी बसगाड्यांच्या महामंडळाचे मुख्यालय येथे, १९८० साली स्थापन झालेले विद्यापीठ येथे. उच्च न्यायालयाचे २००८ साली सुरू झालेले फिरते पीठ २०१३ मध्ये कायम झाल्यावर बिदरपासून विजयपूरपर्यंतचे पक्षकार येथे येऊ लागले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि हृदयरोगाच्या जयदेव संस्थेची शाखा यांमुळे रोग्यांचा ओघही अखंड असतो. ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस आणि शरणबसवेश्वरांची जत्रा यांच्या दिवसांत शहर किती माणसे पोटात घेते, याचा अंदाज निवासी आकडा पाठ असलेल्या माणसालाही येणार नाही.

बिदरची गर्दी यापेक्षा लहान, जवळची आणि अधिक हंगामी असते. त्या जिल्ह्याची शेती मुख्यत्वे खरिपाची. मूग-उडीद भाद्रपदात आणि सोयाबीन आश्विनात निघत असल्याने गांधी गंजाचा भर दसरा-दिवाळीच्या सुमारास असतो, तर कलबुर्गीच्या गंजाचा भर तुरीची आवक सुरू झाल्यावर, पौष-माघात येतो. एकाच पट्ट्यातल्या दोन पेठांमध्ये तीन-चार महिन्यांच्या अंतराने अशी भरती येत असल्याने, एका दिवसाच्या मोजणीवरून या शहरांची तुलना करणारा माणूस फसल्यावाचून राहणार नाही. बिदरला किल्ला, महमूद गवानाचा मदरसा आणि गुरुनानक झिरा यांच्या दर्शनाला येणारे पाहुणे मिळतात; पशुवैद्यकीय विद्यापीठ आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या संस्था यांमुळे परराज्यांतले विद्यार्थीही मिळतात. परंतु हे विद्यार्थी वसतिगृहात राहत असल्याने रात्रीच्या आकड्यात धरले जातात, आणि दिवसाच्या हिशेबात बिदर जशी माणसे घेते, तशीच इतरत्र देतही असते. लग्नाचा बस्ता, सोन्याची मोठी खरेदी, अवघड शस्त्रक्रिया, घाऊक किराणा अशा कामांसाठी बिदरकर हैदराबादची वाट धरतो. मुलाच्या शिकवणीसाठी तो लातूरचा विचार करतो, आणि न्यायाच्या वरच्या पायरीसाठी कलबुर्गीचा. कलबुर्गी आणि बिदर यांच्यातला खरा भेद अडीचपटीच्या आकड्यात सापडत नाही. एक शहर प्रामुख्याने माणसे ओढणारे आहे, आणि दुसरे ओढून घेत असतानाच स्वतःही ओढले जाणारे आहे.

दोन नद्यांच्या खोऱ्यांमध्ये जसा एक उंचवटा असतो आणि त्यावर पडलेले पाणी अलीकडे जाईल की पलीकडे हे थोडक्या उतारावर ठरते, तशीच काही गावे दोन शहरांच्या आकर्षणक्षेत्रांच्या पाणलोटावर वसलेली असतात. दुधनी, उमरगा व उदगीर ही महाराष्ट्राच्या बाजूची आणि आळंद, बसवकल्याण, हुमनाबाद व भालकी ही कर्नाटकाच्या बाजूची गावे अशी आहेत. मोठ्या शहरांपासून दूर असल्यामुळे ती खुंटतील असे वाटते. पण होते ते उलट. दुधनीसारख्या लहानशा गावात धान्याची मोठी पेठ उभी राहते, याचे कारण आळंद-अफझलपूरच्या शेतकऱ्याला सोलापूरही दूर पडते आणि कलबुर्गीही. उदगिराला तेच बळ लातूर आणि बिदर यांच्या मधोमध असल्याने मिळाले. वॉल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञाने १९३३ साली दाखविल्याप्रमाणे प्रत्येक वस्तूला आपापला पल्ला असतो: मीठमिरचीसाठी माणूस आठवडी बाजारापलीकडे जात नाही, कापडासाठी तालुक्याला जातो, यंत्रसामग्रीसाठी किंवा मोठ्या दुखण्यासाठी महानगर गाठतो. आपल्याकडे इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांचा आठवडी बाजारांवरचा अभ्यास १९७० साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला; बाजार ही केवळ देवघेवीची जागा नसून निरनिराळ्या समाजांना बांधणारी संस्था आहे, ही दृष्टी त्यामागे होती. सरहद्दीच्या बाजारात ती पदोपदी प्रत्ययास येते. विकणाऱ्याची भाषा कन्नड, घेणाऱ्याची मराठी आणि घासाघिशीची दखनी, असा संवाद येथे कोणाला नवलाचा वाटत नाही.

अंतराचा हिशेब किलोमीटरांत करावा, हे मात्र सूत्रकारांनी गृहीत धरले होते. शेतकऱ्याचे अंतर आडत्याच्या उचलीने मोजले जाते. पेरणीच्या वेळी ज्या आडत्याने पैसे दिले, त्याच्याच दुकानावर माल उतरवावा लागतो. मग जवळच्या गंजात भाव थोडा अधिक असला, तरी गाडी दूरच्या गंजाकडे वळते. स्त्रियांचे अंतर अलीकडे तिकिटाने बदलले आहे. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्याच्या हद्दीतील साध्या सरकारी गाड्यांतून स्त्रियांना विनामूल्य प्रवास दिला; महाराष्ट्राने त्याच वर्षीच्या मार्चपासून आपल्या हद्दीत एसटीचे भाडे त्यांच्यासाठी निम्मे केले. सवलत ज्या त्या राज्याच्या सीमेपाशी थांबत असल्यामुळे भालकीच्या बाईला बिदर फुकटात जवळ आले आणि उदगीर होते तेथेच राहिले. उलट, देवणी किंवा निलंग्याच्या बाईला लातूर स्वस्त झाले आणि बिदर तुलनेने महाग. भाषावार प्रांतरचनेनंतर इतक्या वर्षांत बाजाराच्या वाटा जेवढ्या सरकल्या नसतील, तेवढ्या सरकविण्याचे बळ अशा एखाद्या सवलतीत असू शकते. लोहमार्गाचेही तसेच. बिदरहून कलबुर्गीला रेल्वेने जावयाचे तर पूर्वी विकाराबाद आणि वाडी असा मोठा वळसा घ्यावा लागे. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी हुमनाबादमार्गे ११० किलोमीटरांचा सरळ मार्ग खुला झाला आणि बहमनींच्या दोन राजधान्या प्रथमच रुळांनी थेट जोडल्या गेल्या. हुमनाबाद कोणाचे, या जुन्या प्रश्नात त्यामुळे नवा पक्षकार उभा राहिला आहे. पण त्या मार्गाचा नोकरदाराला खरा उपयोग होणे हे सकाळी व संध्याकाळी गाडी कोणत्या वेळी सुटते, यावरच अवलंबून राहील.

देवस्थानांचा उल्लेख केल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. अफझलपूर तालुक्यातले भीमाकाठचे गाणगापूर, हुमनाबादजवळचे माणिकनगर आणि भालकी तालुक्यातले खानापूरचे मैलार मल्लण्णा ही कर्नाटकातली क्षेत्रे आहेत, पण त्यांच्या यात्रेकरूंत मराठी माणसांचा भरणा मोठा असतो. आणि कलबुर्गी-बिदरकडील भाविक कोजागरीच्या सुमारास पायी तुळजापूरला जातात. गाणगापूरसारख्या गावची निवासी वस्ती पाहून तेथील पाणीपुरवठा आखला, तर दत्तजयंतीला काय होईल, हे सांगण्यास पंचांगाखेरीज दुसऱ्या कोणत्या ग्रंथाची गरज नाही.

या सर्व विवेचनाचे व्यावहारिक फलित काय? नगरसंस्थांना मिळणारी अनुदाने, नळयोजनांची क्षमता, शौचालयांची संख्या आणि सफाई कामगारांची नेमणूक या साऱ्यांचा पाया निवासी लोकसंख्या हाच आहे. त्यामुळे जे शहर दुसऱ्यांची कामे करते, त्याला आपल्या चांगुलपणाचा दंड भरावा लागतो: बाहेरून येणारा माणूस तेथे पाणी पितो, कचरा टाकतो, रुग्णालयातली खाट अडवितो, त्याच्या खरेदीवरचा कर राज्याच्या तिजोरीत जातो, आणि त्याच्या नावाचे अनुदान त्याच्या गावाला मिळते. सरहद्दीवर या अन्यायाला आणखी एक पदर आहे. येणारा माणूस परराज्यातला असेल, तर त्याचे येणे कोणत्याच राज्याच्या नियोजनात धरले जात नाही. बिदरच्या बसस्थानकावर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे किती हवीत, हे ठरविताना उदगीरहून येणाऱ्या स्त्रीचा विचार बंगळूरला सुचत नाही आणि मुंबईला तो करण्याचा अधिकार नाही.

आणि गंमत अशी की, ही माणसे मोजण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची फारशी गरज नाही. गंजाच्या फाटकावर मालाच्या प्रत्येक गाडीची आवक लिहून घेतली जाते. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर रोग्याचे गाव असते. दोन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांकडे तिकिटांचा तपशील असतो, रेल्वेकडे स्थानकवार प्रवासी व पासधारक असतात, आणि न्यायालयाच्या दप्तरी पक्षकारांचे पत्ते असतात. उणीव आहे ती ही दप्तरे एकत्र बांधणाऱ्याची. येती खानेसुमारी १ मार्च २०२७ हा दिवस प्रमाण मानून होणार आहे, आणि तिचे आकडे पुढची अनेक वर्षे या शहरांचे पाणी आणि पैसा ठरवतील. तोपर्यंत कलबुर्गी, बिदर, लातूर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, बाजार समित्यांनी आणि परिवहन महामंडळांनी एकत्र बसून वर्षातून दोनदा, एकदा सोयाबीनच्या हंगामात आणि एकदा तुरीच्या, दिवसाच्या माणसांची सामायिक मोजणी करावी. आणि ज्या शहराकडे ही माणसे येतात, त्याला त्यांच्या प्रमाणात अनुदान द्यावे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातला सीमेचा वाद ज्याचा त्याने न्यायालयात लढवावा. बाजाराला आलेल्या माणसाला पिण्याचे पाणी आणि बसायला सावली देण्यासाठी त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही.